लॅपटॉप मिटू नकोस, ताई

गल्लीतली पोरं त्यांना स्टँडकाका म्हणत, आणि पोरांच्या आधी पोरांचे आईबापही तेच म्हणत आले होते. कॅमेरा ज्याच्यावर बसवतात तो तीन पायांचा स्टँड. काकांनी सबंध आयुष्य लग्नांचे व्हिडिओ काढण्यात घालवलं, पण स्टँड म्हणून कधी विकत घेतला नाही. कॅमेरा खांद्यावर घेतला, पाय रोवले, श्वास रोखला, की चित्र तसूभर हलायचं नाही. एका लग्नात म्हणे कोणा आजोबांनी त्यांना खांब समजून त्यांच्या कोपरावर कोट अडकवला होता. काका म्हणतात ही थाप आहे. काकू म्हणतात तो कोट त्यांनी स्वतःच्या हाताने काढून परत दिला. गल्ली काकूंच्या बाजूने आहे.

श्वास रोखून काम करणाऱ्या माणसाची बोलायची सवयच सुटते. शूटिंग चालू असताना तोंडातून अवाक्षर निघालं तर ते टेपवर येतं, आणि मग नवरीचा बाप दुकानात येऊन विचारतो, ऐन समारंभात हे 'जरा सरका' कोण म्हणालं? म्हणून काका गप्प. कामावर गप्प, आणि घरी आले तरी गप्प. गिऱ्हाइकांशी बोलायच्या काकू, टेपांची जोडणी करायच्या काकू, 'साहेब, पुढच्या आठवड्यात नक्की' असं तोंडभर हसून खोटं सांगायच्या त्याही काकूच.

लहानपणी हेच काम ताईकडे होतं. ताई म्हणजे काकांची मोठी बहीण. शाळेत बाईंनी काही विचारलं की हे जमिनीकडे बघत उभे राहायचे, आणि शेजारच्या वर्गातून ताईला बोलावून आणावं लागायचं. ती यायची आणि सांगायची, "त्याला येतंय बाई, फक्त बोलवत नाहीये." तेवढं सांगून ती परत आपल्या वर्गात जाऊन बसायची. असा हा भाऊ.

पुढे ज्याच्या त्याच्या हातात कॅमेऱ्याचा फोन आला आणि धंदा बसला. दुकान गेलं, सामान घरातल्या मागच्या खोलीत आलं. आता दोघं नवराबायको लोकांच्या जुन्या टेपा संगणकावर उतरवून देत. काम थोडं, पण खोलीत यंत्रांची ऊब असायची आणि काकूंना बोलायला विषय असायचा.

ताई दूर राहायची, रात्रभर प्रवास करावा लागेल अशा गावी, मुला-सुनेकडे. दाजी, म्हणजे तिचा नवरा, जाऊन बरीच वर्षं झाली होती. गेल्या वर्षापासून तिचे डोळे उतरणीला लागले. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग बिघडत चाललाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. कडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल, आणि कधी जाईल ते सांगता येत नाही. 'बघायचं ते बघून घ्या' असं काही डॉक्टर म्हणाले नव्हते. पण ताईने ते तसं ऐकलं, आणि भावाला फोनवर तसंच सांगितलं. हसत सांगितलं.

काही महिने गेले आणि माळ्यावर ती टेप सापडली.

कॅमेरा नवा कोरा होता तेव्हाची टेप. पहिलं लग्न मिळालं होतं आणि काकांना अजून कॅमेरा धड धरता येत नव्हता. तेव्हा दाजी म्हणाले होते, "लोकांच्या लग्नावर कशाला शिकतोस? आधी माझ्यावर शीक." सुट्टीचा दिवस होता. काकांनी सकाळीच ताईच्या घरी जाऊन कॅमेरा सुरू केला आणि टेप संपेपर्यंत दाजींचा पिच्छा सोडला नाही. बॅटरी नावालाच होती, म्हणून कॅमेऱ्याला लांबलचक वायर आणि ती घरभर मागे फिरतेय. दाजी दाढी करतायत. दाजी गळका नळ दुरुस्त करतायत. दाजी सायकल उलटी करून तिची साखळी बसवतायत. काहीच घडत नाही अशी तीन तासांची टेप. आणि त्यातही खोट होती. दाजी एकदाही कॅमेऱ्यात बघत नव्हते. काकांनी हातवारे करकरून सांगितलं, लेन्सकडे बोट दाखवलं, पण दाजींची नजर आपली कायम बाजूला. नवशिक्याचं काम, म्हणून काकांनी ती टेप माळ्यावर टाकली होती. ताईने तर ती कधी पाहिलीच नव्हती. तिच्या घरी तेव्हा टेप बघायचं यंत्र नव्हतं, आणि पुढे सगळे विसरले.

टेपवर बुरशी चढली होती. काकूंनी ती मऊ कापडाने इंच इंच पुसून काढली. मग काकांनी चित्रातल्या रेघा घालवल्या, उडालेले रंग सावरले, आवाजातली खरखर कमी केली. दोघांनी किती दिवस त्यावर मान मोडली, पण टेप बघायची म्हणून कोणी बघितली नाही. शिंप्याला सदऱ्यात उसवण दिसते, सदरा घालणारा दिसत नाही, तसंच हे. काकांच्या डोक्यात एकच होतं. ताईच्या डोळ्यांत नजर आहे तोवर तिला दाजी दिसले पाहिजेत. छोट्या फोनवर नव्हे, भाच्याने घेतलेल्या भिंतीएवढ्या टीव्हीवर, मिशीचा केस न् केस मोजता येईल असे.

त्यामुळे फाइल झाली अगडबंब.

आधी त्यातला एक तुकडा काकूंनी मेसेजवरून पाठवून बघितला. तो दाबून चेपून एवढासा झाला आणि दाजींच्या चेहऱ्यावर फरश्या बसवल्यासारखे चौकोन आले. "जिची नजर चाललीय तिला हे दाखवायचं?" काका म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषणच झालं. मग पेनड्राइव्ह कुरिअरने पाठवला. पाकीट पोहोचलं, पण कोपरा फाटलेला आणि आत पेनड्राइव्ह नाही. इंटरनेटवर एखाद्याच्या गोदामात फाइल ठेवायची आणि तिकडून ताईने उतरवून घ्यायची, असंही करता येतं. पण फुकटातलं गोदाम लहान पडत होतं, आणि काकांना ती कल्पनाच पटेना. ओळख ना पाळख, त्याच्या घरात दाजींना बनियनवर नेऊन बसवायचं?

शेवटी काकूंनीच शोध लावला. एक पान असतं. ते इकडे उघडायचं, त्याची लिंक तिकडे पाठवायची, तिकडेही तेच पान उघडायचं. मग फाइल मध्ये कुठेही न थांबता या घरातून सरळ त्या घरात जाते. तिला ना मोठेपणाची मर्यादा, ना कोणाचं गोदाम. अट एकच. दोन्हीकडचे संगणक जागे पाहिजेत आणि दोन्हीकडचं नेट चालू पाहिजे. एका बाजूने जरी डोळा लागला तरी सगळं मुसळ केरात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

काका खूश झाले. दारात कोणी मध्यस्थ नाही, घरातून घरात, हे त्यांना आवडलं. फक्त घरच्या नेटची एक गंमत असते. बाहेरून घरात यायला मोठा दरवाजा, आणि घरातून बाहेर जायला मांजरासाठी ठेवतात तेवढी फट. त्या फटीतून तीन तासांचे दाजी जायचे म्हणजे सकाळी लावलं की संध्याकाळ व्हायची.

भाचा गुणी. कामाला निघण्याआधी तो लॅपटॉप आईच्या खोलीत टेबलावर ठेवायचा, पान उघडून द्यायचा आणि फोन करायचा, "मामा, इकडे चालू झालं बघा." मग तो जायचा, सूनही जायची, आणि दिवसभर घरात एकटी ताई. तिला काहीच करायचं नव्हतं. फक्त लॅपटॉपला हात लावायचा नव्हता.

काका फोन लावायचे. "ताई, लॅपटॉप मिटू नकोस हं."

"नाही मिटत रे बाबा. झाला का चहा?"

एवढ्यावर फोन ठेवणारा हा माणूस. पण आता पडद्यावर एक पट्टी असायची, ती गोगलगायीच्या गतीने भरत असायची, आणि फोन ठेवला तर ती थांबेल की काय अशी काकांना धाकधूक. म्हणून ते बोलायचे. पट्टी कुठवर आली ते सांगायचे. मग टेपवर बुरशी कशी होती ते. मग नळाच्या प्रसंगात दाजींचा आवाज किती स्वच्छ निघालाय ते. एकदा तर त्यांनी शाळेतल्या बाईंची आठवण आपण होऊन काढली. स्वयंपाकघरात काकूंच्या हातातलं भांडं हातातच राहिलं.

पण फाइल काही पोहोचेना. अर्ध्याच्या पुढे कुठेतरी पट्टी थांबायची, लाल अक्षरं यायची, की समोरचा संपर्क तुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात, आणि दुपारी पुन्हा तेच.

काकांनी आधी स्वतःवर घेतलं. वायर बदलली. राउटरवर पंखा सोडला. मग नेट कंपनीच्या माणसाला बोलावलं. तो आला, दिवे बघितले आणि म्हणाला, "काका, तुमच्याकडून काही नाही. तिकडून कोणीतरी बंद करतंय."

"पाणी कुठं मुरतंय ते मला माहितीय," काकू म्हणाल्या. "सूनबाई. तिला घर आवरायचा सोस आहे. जाताना सगळी बटणं खटाखट बंद करत असणार."

आणि काकूंनी सरळ सुनेला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून, बटणांवर गाडी आणून ठेवली. सून म्हणाली, "मामी, मी सकाळी जाते ती संध्याकाळी उगवते. दुपारी बटण बंद करायला मी घरात असते कुठे?" काकू वरमल्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे हो." काकांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

रविवारी सगळ्यांचा मिळून व्हिडिओ कॉल झाला. भाचा म्हणाला, "मामा, नेट तर इकडे दणदणीत आहे. काय होतंय कळत नाही." ताई मध्ये बसली होती. छान दिसत होती, केस नीट विंचरलेले. "होईल रे," ती म्हणाली. "घाई काय आहे?" काकांना ते लागलं. घाई काय आहे, हे हिने विचारावं? ज्या गोष्टीसाठी घाई होती ती तिलाच ठाऊक नव्हती का? काकूंनी सवयीप्रमाणे पडद्याचा फोटो काढून ठेवला. कोणीही व्हिडिओवर दिसलं की त्या फोटो काढतात. दुकान गेलं तरी दुकानदारी जात नाही.

सोमवारी पुन्हा लावलं. त्या दिवशी पट्टी छान पळाली. दुपारपर्यंत पाऊण भरली. काका फोनवर ताईला सायकलीच्या साखळीबद्दल सांगत होते, आणि सांगता सांगता म्हणाले, "आज पोहोचतंय बघ ताई. आज रात्री तू बघशील."

ताई म्हणाली, "हो का?" मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग चार पावलं. मग टक.

पट्टी थांबली. लाल अक्षरं आली.

फोन मोबाइलवर होता, तो चालूच होता. ताईने विचारलं, "काय रे, गप्प का झालास?"

ज्या माणसाने उभं आयुष्य टेपवरचा नको तो आवाज शोधण्यात घालवलं, त्याला बटणाचा आवाज कळणार नाही असं कसं होईल. "काही नाही," काका म्हणाले. "पुन्हा तुटलं."

"अगं बाई," ताई म्हणाली. "राहू दे. उद्या बघू."

काका मागच्या खोलीत जाऊन बसले. काकूंनी विचारलं तेव्हा सांगितलं, आणि ऐकून काकूही खाली बसल्या. "वन्संच बंद करतायत? पण का हो?"

काकांना ते फार लागलं होतं. रडू येईल इतकं. तिला नको होतं तर तसं सांगायचं. दाजींना पुन्हा बघणं तिला झेपत नसेल, असंही असेल. मग आपण कोण लागून गेलो, रोज सकाळी उठून तिच्या घरात दाजींना ढकलत बसलोय? की आपण त्रास देतोय आणि ती बिचारी तोंडावर हो म्हणतेय?

"मला विचाराल तर हा विषय इथेच सोडा," काकू म्हणाल्या. मग स्वतःच सोडेनात. फोन काढून वन्संचे फोटो बघत बसल्या. "बघा, चेहरा तर काही दुखावल्यासारखा वाटत नाही."

काकांनी चष्मा लावून बघितलं. रविवारचा फोटो होता. ताई हसत होती, पण बघत होती पडद्याच्या कडेला. जणू काकांच्या शेजारी कोणीतरी उभं होतं आणि ती त्याच्याशी बोलत होती.

"मागचा दाखव," काका म्हणाले.

मागच्या फोटोत नजर काकांच्या कानाकडे. त्याच्या मागच्यात गालाकडे. उन्हाळ्यातल्या फोटोत मात्र सरळ, थेट डोळ्यांत.

माणूस कुठे बघतोय, हे बघण्यावर त्यांचं पोट चाललं होतं. नवरा घड्याळाकडे बघतोय, नवरीची आई दाराकडे बघतेय, हे त्यांना कॅमेऱ्याला डोळा न लावता कळायचं. आणि सख्खी बहीण इतके महिने त्यांच्या बाजूला बघत होती, ते दिसलं नाही. कडेचं दिसत राहील, असं डॉक्टर म्हणाले होते. ताई कडेने बघत होती. मध्ये बघून काही उपयोग उरला नव्हता.

त्यांनी फोन लावला. काकू उठून जायला लागल्या तर त्यांना हाताने थांबवलं.

"ताई," काका म्हणाले, "मी तुला दिसतो का?"

"आता कसा दिसशील? नुसता फोन आहे ना."

"रविवारी दिसलो होतो का?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"कान दिसला," ती म्हणाली. "आणि मागचं कपाट. तू होतास तिथे धूर होता."

"कधीपासून?"

"तू टेप सापडली म्हणालास ना, त्याच्या थोडं आधीपासून."

"आणि मुलाला?"

"त्याला म्हटलंय, चष्मा बदलायला झालाय. मी घरातलं सगळं करते रे. चालते, फिरते, चहा करते, कुणाला कळत नाही." मग तिचा आवाज ओला झाला. "तू एवढा खूश होतास. रोज फोन करत होतास. म्हटलं, याला कोणत्या तोंडानं सांगू, की बाबा उशीर झाला? आणि ती फाइल पोहोचली असती तर मुलांनी मोठ्या टीव्हीवर लावली असती, मला पुढ्यात बसवलं असतं. आई, दिसतायत का बाबा? मी काय सांगितलं असतं? म्हणून रोज उठून तो नेटचा डबा बंद करायचे. मला काय आवडत होतं का ते?"

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. काकूंनी पदर पुढे केला. काकांनी तो घेतला नाही.

"ताई," ते म्हणाले, "आज संध्याकाळी मुलाला सांग. टाळायचं नाही. त्याला डॉक्टरकडे बरोबर ने."

"सांगते."

"शपथ घे."

"सांगते म्हटलं ना. मोठी कोण आहे, तू का मी?"

"आणि उद्या तो डबा बंद करू नकोस."

"कशाला रे आता? कुणी बघायचं?"

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "मी बघतो. मी सांगतो तुला."

काकूंनी मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. संसाराला एवढी वर्षं झाली, पण हा माणूस कोणाला काही सांगायला बसलाय हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला. "आई बोलली रात्री," एवढंच म्हणाला. "मामा, पान उघडलंय. मी आज घरीच आहे, पण खोलीत जात नाही. तुम्ही दोघं बसा."

पट्टी सुरू झाली. फाइल आपल्या फटीतून तिकडे निघाली, आणि काकांनी इकडे तीच फाइल लावली. फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. पडद्यावर आरसा आला. काकांनी सवयीने श्वास रोखला. मग सोडला.

"दाढी करतायत," ते म्हणाले.

"पुढे?"

"गाल फुगवलाय. साबण लागलाय कानाला."

"कुठल्या?"

"डाव्या."

"कायम डाव्याच कानाला लावायचे," ताई म्हणाली. "आणि अंगात काय आहे?"

"बनियन. पाठीला भोक आहे."

"ते! फेकून द्या म्हणून घसा कोरडा केला मी. जाताना सुद्धा..." तिने वाक्य सोडून दिलं. "हं, पुढे सांग."

काका सांगत राहिले. पहिल्यांदा तुटक, शाळेत उभं केल्यासारखं. मग जीभ सैल झाली. नळाच्या प्रसंगात तर ते रंगात आले. दाजींनी पान्हा कसा उलटा धरला, पाण्याची चिळकांडी थेट छताला कशी गेली, दाजींनी ती आधी हाताने, मग टोपीने, मग डोक्याने अडवायचा कसा प्रयत्न केला. टेपवर दाजींचं ओरडणं येत होतं आणि त्याच्या वरताण एका बाईचं ओरडणं. फोनवर ताई खदखदा हसत होती. "ती मीच ना रे? केवढा तो आवाज!"

"तूच. सगळ्या टेपभर तुझाच आवाज आहे. तू दिसत मात्र कुठेच नाहीस."

"मी कशाला दिसतेय? मी आपली मागे."

काकू दारात येऊन उभ्या होत्या. जेवणं राहिली होती, त्यांनी आठवण केली नाही. चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. उन्हं खोलीतून सरकून भिंतीवर गेली. पहिल्या खेपेला टेप संपली तर काकांनी ती न विचारता पुन्हा सुरुवातीपासून लावली, कारण पट्टी अजून भरायची होती, आणि ताईही पुढे सांग म्हणाली. या वेळी त्यांना आणखी दिसू लागलं. सांगायचं म्हणून बघितलं की जास्त दिसतं. दाजींच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. सायकलीच्या घंटीत कोणीतरी फूल खोचलेलं होतं.

"मीच खोचायचे," ताई म्हणाली. "आता काय करतायत?"

"साखळी बसली. पायरीवर बसलेत. हात पुसतायत."

"आणि?"

"बघतायत."

"कॅमेऱ्यात?"

"नाही गं. कॅमेऱ्यात ते एकदाही बघत नाहीत. त्यासाठीच तर मी ही टेप..."

काका बोलता बोलता थांबले. पडद्यावर दाजी पायरीवर बसले होते आणि बघत होते, काकांच्या उजव्या खांद्यावरून मागे. दाढी करताना आरशातून तिकडेच. नळाखाली निथळताना तिकडेच. काका ती नजर खोट म्हणून इतकी वर्षं माळ्यावर ठेवून बसले होते.

"ताई," ते म्हणाले, "त्या दिवशी कॅमेऱ्याची वायर कोण धरून होतं?"

"म्हणजे काय? मीच की. तू मागं न बघता घरभर फिरत होतास, पायात अडकून पडला असतास. दिवसभर तुझ्या मागं मागं वायर धरून फिरले मी."

"उजव्या बाजूला?"

"हो. का रे?"

"मग ते तुझ्याकडे बघतायत."

काका पडद्याजवळ सरकले.

"सगळ्या टेपभर, ताई. मी किती हातवारे केले, पण त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. तुझ्याकडेच बघत होते."

काकूंनी पदर तोंडाला लावला. टेबलावरच्या संगणकावर पट्टी भरली, लाल नव्हे, हिरवी अक्षरं आली, की फाइल पोहोचली. काकूंना ते दिसलं. त्यांनी सांगितलं नाही.

मग ताईने विचारलं, "हसतायत का?"

"हसतायत."

"दात दिसतायत?"

"पुढचा तुटका दिसतोय."

ताई हसली की रडली, ते काकांनाही कळलं नाही, आणि आवाजाच्या बाबतीत ते फसत नाहीत. मग तिने नाक ओढलं.

"जरा मागं घे," ती म्हणाली. "पायरीवर बसले तिथून परत सांग."

काकांनी मागं घेतलं आणि परत सांगायला लागले.